खरं बोलायला शिकणारा माणूस

बोलता बोलता तो मध्येच थांबायचा. चष्मा काढायचा, शर्टाच्या टोकाने पुसायचा आणि म्हणायचा, "थांबा. हे वाक्य परत बोलतो." आणि खरंच परत बोलायचा. पहिल्या वाक्यातला डंख काढून टाकलेलं, धुऊन निथळलेलं दुसरं वाक्य.

तुम्ही त्याला आधीपासून ओळखत असता तर तुम्हालाही हसू आलं असतं. आमच्या कारखान्यात माणसं साहेबांपेक्षा त्याच्या जिभेला जास्त घाबरायची. नारायण पेठेत वाढलेला माणूस. आवाज न चढवता समोरच्याला सोलून काढायची कला त्याला घरातूनच मिळाली होती. आम्ही दोघं क्वालिटी विभागात होतो, टेबलाला टेबल लावून पंधरा वर्षं. तो कोथरूडला राहायचा, मी कर्वेनगरला. एक आठवडा त्याची स्कूटर, एक आठवडा माझी.

स्कूटरवरूनच तो पडला आणि मांडीचं हाड मोडून सहा आठवडे दवाखान्यात अडकला. शेजारच्या खाटेवर नगरकडचे एक निवृत्त ख्रिस्ती गुरुजी होते. ते दिवसभर नवा करार पुटपुटत वाचायचे. तिसऱ्या दिवशी हा त्यांना म्हणाला, "गुरुजी, एक तर मनात वाचा, नाहीतर मोठ्याने वाचा. ही कुजबुज सहन होत नाही." गुरुजी सरळमार्गी. ते मोठ्याने वाचायला लागले. घरी जाताना हा त्यांचं पुस्तक मागून घेऊन गेला.

त्यानंतर दोन वर्षं तो ते पुस्तक वाचत होता, रविवारी सकाळी कुठेतरी जात होता. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. मग एका संध्याकाळी कर्वेनगरच्या रसवंतीत, उसाचा रस पिताना, तो म्हणाला, "मी बाप्तिस्मा घेतला."

"म्हणजे आता नाव बदलणार?"

"नाव तेच. बाकीचं बदलायचंय. त्याला वेळ लागेल."

बायकोला माहीत होतं. ती म्हणाली होती, तुमचं घरातलं टोचून बोलणं थांबणार असेल तर माझं काही म्हणणं नाही. आईला मात्र त्याने सांगितलं नव्हतं. आई पेठेत थोरल्या भावाकडे राहायची, पंच्याहत्तरी उलटून गेलेली. "तिला मीच सांगेन. माझ्या तोंडाने. तोवर तुझ्याजवळच राहू दे."

"राहील," मी म्हणालो.

पुढचं वर्षभर आम्ही जे पाहिलं ते करमणुकीचंच होतं. कॅन्टीनमध्ये तो कप तोंडाला लावून म्हणायचा, "हा चहा आहे की भांडी घासल्यावरचं..." मग चष्मा पुसणं. "थांबा, परत बोलतो. चहा जरा पातळ झालाय." कॅन्टीनवाला एकदा कंटाळून म्हणाला, "साहेब, पूर्वीसारखं बोला. निदान कळायचं तरी."

साहेबांनी त्याला फोनवर सांगायला लावलं, "मी नाही म्हणून सांग." त्याने पलीकडच्याला सांगितलं, "साहेब समोरच आहेत, पण आत्ता त्यांना तुमच्याशी बोलायचं नाहीये." पूर्वी क्रिकेटच्या सामन्याच्या दिवशी त्याला ठरल्याप्रमाणे ताप यायचा. आता त्याने रजेच्या अर्जावर कारण लिहिलं: सामना पाहणे. अर्ज नामंजूर झाला आणि तो निमूटपणे कामावर आला.

एकदा तर तो एका जुन्या फोरमनच्या घरी गेला. दहा वर्षांपूर्वी मी तुमचा चारचौघांत अपमान केला होता, माफी मागायला आलो, म्हणाला. फोरमनला काही केल्या आठवेना. याने मग सगळा प्रसंग, स्वतःच्या शब्दांसकट, पुन्हा सांगितला. फोरमन इतका संतापला की चार महिने याच्याशी बोलला नाही. हे मला सांगताना तो स्वतःच हसत होता. "चूक झाली," म्हणाला. "माफी कशी मागायची तेही शिकावं लागतं."

मीही हसत होतो. आपल्यापर्यंत येत नाही तोवर दुसऱ्याचा खरेपणा गमतीचा वाटतो.

नव्वदीनंतरची ती वर्षं. बाहेरच्या देशातली गिऱ्हाइकं येऊ लागली होती आणि त्यांना गुणवत्तेचं प्रमाणपत्र लागायचं. आमच्याकडेही परीक्षक यायचे ठरले. मायक्रोमीटर, गेज, मापाची सगळी साधनं दर तीन महिन्यांनी तपासून रजिस्टरमध्ये नोंद करायची असा नियम. साधनं तपासायचं काम त्याचं, रजिस्टर माझं. वर्षभर कामाच्या घाईत ना धड तपासणी झाली होती, ना एक ओळ लिहिली गेली होती. साहेबांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. "रजिस्टर भरून टाका," म्हणाले. निर्यातीचा नवा विभाग निघणार होता आणि त्याचा प्रमुख मी होणार, हेही त्याच बैठकीत सूचित झालं.

मी चार दिवस बसून वर्ष लिहिलं. निळं पेन, काळं पेन, मध्येच एक संपत आलेली रिफिल. एका पानावर चहाच्या कपाचा गोल उमटवला. खोटं सांगत नाही, मला त्या कामाचा अभिमान वाटत होता.

तो शेजारच्या टेबलावरून बघत होता. "मी यावर सही करणार नाही," म्हणाला.

"नको करूस. फक्त गप्प बस."

तो काही बोलला नाही. पंधरा वर्षांच्या ओळखीत त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ मला कळतो, असं मी धरून चाललो.

परीक्षक दक्षिणेकडचे, मृदू आवाजाचे गृहस्थ होते. रजिस्टर चाळून त्यांनी एक मायक्रोमीटर उचलला आणि त्याला विचारलं, "हा तुम्ही तपासता?"

"हो."

"दर तीन महिन्यांनी?"

"नाही."

साहेब खिडकीबाहेर बघत होते.

"मग या नोंदी?"

"गेल्या आठवड्यात लिहिल्या."

"कोणी?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "यांनी."

पंधरा वर्षांत त्याने मला पहिल्यांदाच आदरार्थी संबोधलं होतं.

प्रमाणपत्र अडकलं. साहेबांनी हात वर केले: असं काही मी सांगितलंच नव्हतं. पुढच्याच दिवशी मला नगर रस्त्यावरच्या गोदामात पाठवलं, पोती आणि खोकी मोजायला. निर्यात विभाग दुसऱ्या कुणाला मिळाला. गंमत बघा, साहेबांचा मला राग आला नाही. साहेब साहेबांसारखेच वागले होते. माझा सगळा राग त्या एका शब्दावर बसला.

रविवारी सकाळी मी नारायण पेठेत त्याच्या आईकडे गेलो. थोरला भाऊ बाहेर गेला होता. काकूंनी नेहमीसारखे पोहे केले, वर ओलं खोबरं घातलं. मी पोहे खाल्ले, आणि मग अगदी सहज बोलल्यासारखं बोललो, "तो आता रविवारी चर्चमध्ये असतो ना. बाप्तिस्मा घेतल्यापासून. तुम्हाला माहीत असेलच."

काकू ओट्याकडे वळल्या आणि खवणी धुऊ लागल्या. मग त्यांनी विचारलं, "कधी झालं हे?"

"वर्ष झालं असेल."

त्यांनी माझ्यासमोरची बशी उचलली. "तुला त्याने सांगितलं," त्या म्हणाल्या. "आणि तू मला का सांगितलंस?"

जिना उतरताना मात्र मला हलकं वाटत होतं, हे कबूल केलं पाहिजे. फिटंफाट झाल्यासारखं.

सोमवारी संध्याकाळी तो माझ्या घरी आला. मला वाटलं, हा भांडायला आला. तो खुर्चीच्या कडेवर बसला.

"मी खरं बोललो त्याचं मला वाईट वाटत नाही," तो म्हणाला. "पण तुला आधी सांगायला हवं होतं. तू गप्प बस म्हणालास आणि मी गप्प बसलो, तेही खोटंच होतं. आणि दुसरं. रजिस्टर भरायला साहेबांनी सांगितलं, हे मला माहीत होतं. ते तिथे बोललो नाही. तुझं नाव घ्यायला धीर लागला नाही, त्यांचं घ्यायला घाबरलो. त्याची माफी मागायला आलोय."

त्याला आईचं अजून काही कळलेलं नाही, अशी माझी खात्री पटली. मी त्याला चहा दिला. तो प्यायला. मी काहीच सांगितलं नाही.

मंगळवारी त्याने साहेबांना तोंडावर सांगून, रजिस्टर त्यांच्याच हुकमावरून भरलं असं परीक्षकांना पत्र लिहिलं. पंधरा दिवसांत त्याला राजीनामा द्यावा लागला. मला माझी जागा परत मिळाली नाहीच. पेठेतल्या घरी भावाने त्याला पाऊल ठेवू नकोस म्हणून सांगितलं. त्या वर्षी गणपतीत तो घरी नव्हता. काकू दुपारी, थोरला कामावर असताना, त्याला फोन करायच्या असं त्याच्या बायकोकडून कळलं. आमचं बोलणं थांबलं होतं. मी त्याच्यामुळे अडगळीत पडलो असं मी सगळ्यांना सांगत होतो, आणि लोक मान डोलवत होते.

दोन वर्षांनी काकू गेल्या. मी पेठेत पोहोचलो तेव्हा तो गल्लीच्या समोरच्या बाजूला, लॉन्ड्रीच्या दुकानाशी उभा होता. भावाने त्याला दारातूनच परत पाठवलं होतं. तिरडी उचलायची वेळ आली. एका बाजूला माणूस कमी पडत होता. भाऊ इकडेतिकडे बघत माझ्याजवळ आला. "तुम्ही या. तुम्ही घरचेच."

मी रस्त्यापलीकडे पाहिलं. त्याने मानेनेच हो म्हटलं. मी खांदा दिला. मोठ्या रस्त्यावर शववाहिका उभी होती, तिथपर्यंत.

गाडी निघाली. तो मागून चालत आला, पेठेपासून थेट स्मशानापर्यंत, अनवाणी. फाटकाच्या आत आला नाही. सगळं आटोपून मी बाहेर आलो तेव्हा तो बसथांब्याच्या कठड्याला टेकून उभा होता. दोन वर्षांनी आम्ही समोरासमोर आलो होतो.

"आई जड होती का रे?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "काहीच वजन नव्हतं."

त्याने डोळे पुसले. मला मग गप्प राहवेना. "त्यांना मीच सांगितलं होतं," मी म्हणालो.

"माहीत आहे. त्याच दिवशी दुपारी तिचा फोन आला होता."

मला हिशेब लागायला वेळ लागला. रविवारी दुपारी. म्हणजे सोमवारी माझ्या घरी, त्या खुर्चीवर, माझा चहा पिताना, त्याला सगळं ठाऊक होतं.

"तरी आलास?"

"तुझ्या जिन्यातून दोनदा परत फिरलो," तो म्हणाला. "मग वाटलं, तू केलंस ते तुझं. मी केलं ते माझं. ते तरी सांगून टाकावं."

"आणि आता?"

"तुझ्यावरचा राग गेलेला नाही," तो म्हणाला. "रोज सकाळी सोडतो. दुपारपर्यंत परत आलेला असतो. पण पूर्वी हटायचाच नाही."

पुढे त्याची मुलगी शिकून बंगळूरला संगणकाच्या नोकरीला लागली आणि ती दोघं नवराबायको तिच्याकडे गेली. आमच्या कारखान्याच्या जागी आज काचेची इमारत आहे. तिथल्या कुणाला त्याची गोष्ट सांगून उपयोग नाही, म्हणून तुम्हाला सांगितली.

त्या दिवशी स्मशानाबाहेर कोथरूडची बस आली. मी म्हणालो, माझी स्कूटर आहे, सोडतो. तो नको म्हणाला. पायरीवर चढताना त्याचे तळवे दिसले, डांबराने काळे झालेले, एका टाचेतून रक्त येत होतं. आत एका बाईने सरकून जागा दिली. तो तिच्या शेजारी बसला आणि कंडक्टरसाठी खिशात सुटे शोधू लागला.