सरूताईच्या हातची भवानी

काल शिरपूरच्या बाजारात विधवांवरच्या रूढींविरुद्ध पत्रकं वाटताना ओल्या सांबाराचा वास आला. कोथिंबिरीला आम्ही सांबारच म्हणतो. पुढचं भाषण माझ्या तोंडातच राहिलं.

माझी थोरली बहीण सरूताई लग्नाच्या वर्षातच विधवा होऊन माहेरी परतली होती. मळ्यात राबून राबून ती सावरली, आणि माझ्या लहानपणी एका सकाळी बाबांसोबत अन् माझ्यासोबत पहिल्यांदाच बाजारात सांबार विकायला बसली. जुड्यांवर पाणी शिंपडताना कितीतरी महिन्यांनी ती गुणगुणत होती. पहिलं गिऱ्हाईक आलं. ताईनं जुडी उचलली, तोच शेजारची भाजीवाली काकू ओरडली, “अवो भाऊ, रांडमुंड पोरीच्या हातची भवानी करून राह्यले? साऱ्या ओळीचा बाजार बसन!”

“काकू, सांबारानं कोनाचा नवरा खाल्ला वं?” ताई म्हणाली. दोघीतिघी हसल्या. बाबा हसले नाहीत. त्यांनी तिच्या हातातून जुडी घेतली. “माय, तू गाडीमांगं बस.”

तिनंच पेरलेला, तिनंच उपटलेला सांबार बाबांच्या हातून दुपारपर्यंत संपला. त्याला म्हणे विटाळ नव्हता!

तेव्हा मला फक्त काकूचा राग आला. तो आजही आहे, आणि ही रूढी गाडा म्हणून मी गावोगाव ओरडतो. पण आता बाबांची अडचणही दिसते. त्यांना पुढच्या बाजारी त्याच ओळीत बसायचं होतं.

परतताना ताईनं एवढंच विचारलं, “बाबा, मळ्यात तं येऊ ना मी?”

बाबांनी बैल हाकले.