तिच्या फोटोखालचा देश

शाळेच्या ऑफिसात बसणाऱ्या बाईला राग परवडत नाही, असं मला इथे आल्यावर पहिल्याच वर्षी सांगण्यात आलं. तो मी बारा वर्षं गिळला. आज मात्र रागानेच लिहायला बसले आहे, आणि त्यातला मोठा वाटा माझ्या स्वतःवरच्या रागाचा आहे, हे आधीच सांगून टाकते.

शारजातल्या एका ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळेत मी अ‍ॅडमिशनच्या काउंटरवर असते. शाळा नावाला ब्रिटिश. निम्म्याहून जास्त मुलं आपल्याकडची आणि मॅनेजर पुण्याचे. प्रवेशाच्या दिवसांत आईवडील येतात आणि बसची, जेवणाची, अगदी फीचीही चौकशी करण्याआधी एक प्रश्न विचारतात, "मॅडम, टीचर्स यूके से हैं ना?" त्याला हसून हो म्हणायचं, हे माझं काम. आमच्याकडे गोऱ्या शिक्षिका चार. एक दक्षिण आफ्रिकेची, एक कॅनडाची, एक खरोखरच इंग्लंडची आणि एक आयर्लंडची. ब्रोशरमध्ये चौघींच्या फोटोखाली एकच शब्द छापलेला असायचा, यूके. हे कुणी ठरवलं, कधी ठरवलं, देव जाणे. माझ्या आधीची बाई तसं टाइप करायची, म्हणून मीही करायचे. गोरी म्हटली की ती इंग्रजांचीच, हे आपल्या डोक्यात इतकं घट्ट बसलं आहे की त्यात काही चुकतंय असं मला वाटलंसुद्धा नाही.

आयर्लंडची ती सहावीला भूगोल शिकवायची. माझी मुलगी तिच्याच वर्गात होती. मोठ्याने हसणारी, मधल्या सुट्टीत माझ्या डब्यातलं थालीपीठ मागून खाणारी बाई. आम्ही बोलायचो इंग्रजीतच, पण मैत्री झाल्यावर ती माझ्याशी जशी बोलायची, ते मराठीत 'तू' करूनच लिहावं लागेल.

नवं ब्रोशर छापून आलं त्या दिवशी ती ते घेऊन काउंटरवर आली. "हे कुणी लिहिलं?"

"मी."

"माझ्या देशाचं नाव आयर्लंड आहे."

मी सॉरी म्हटलं. तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण आपल्यालाही थोडं कळतं हे दाखवायचं होतं ना! मी म्हटलं, "हो हो, सदर्न आयर्लंड ना?"

तिने माझ्यासमोरचा एक फॉर्म उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला बेट काढलं. अगदी वरच्या टोकाला एक ठिपका दिला. ते तिचं गाव. त्याच्या बरंच खाली बेलफास्ट दाखवलं, जे यूकेत आहे. "आता सांग, मी साउथची कशी?"

"मग रिपब्लिक ऑफ आयर्लंड म्हणू?"

"ते देशाचं वर्णन झालं, नाव नाही. फुटबॉलच्या टीमला ते नाव लावतात. तुझ्या देशाला तू रोज 'भारतीय गणराज्य' म्हणतेस का?"

कुठेतरी आयर्लंडऐवजी 'एरा' असंही लिहिलेलं पाहिल्याचं मला आठवलं. तेही मी विचारलं. ती म्हणाली, ते आमच्या भाषेतलं नाव आहे, आम्ही आमच्या भाषेत बोलतो तेव्हाचं. इंग्रजीत बोलताना इंग्रज लोक मुद्दाम ते वापरतात तेव्हा आयर्लंड म्हणायचं टाळताहेत असा वास येतो. मी म्हटलं, आमचंही तसंच, भारत आणि इंडिया. ती टेबलावर हात आपटून म्हणाली, "बरोब्बर!"

मग तिने स्वतःहून सांगितलं की त्यांच्यातही एकमत नाही. तिचा नवरा बेलफास्टचा, स्वतःला आयरिशच म्हणवणारा, पण तिच्या माहेराला 'साउथ' म्हणतो. "तो तसं म्हणाला की मी त्याच्याशी भांडते. पण ते घरातलं भांडण. बाहेरच्यांनी ते छापायचं नसतं." आणि उठता उठता म्हणाली, "माझे पणजोबा जन्मले तेव्हा आमचा देश कागदोपत्री यूकेच होता. तो शब्द पुसायला त्यांचा भाऊ तुरुंगात गेला. तू एका दुपारी टाइप करून परत लावलास."

मला कानफटात बसल्यासारखं झालं. दुरुस्त करून देते असा शब्द मी तिला दिला.

मॅनेजर सरांकडे गेले. ते म्हणाले, "अहो मॅडम, यूके काय आणि आयर्लंड काय, तिकडे सगळं एकच. आयर्लंड लिहिलं की पॅरेंट्स विचारणार, ये कहाँ है? तुम्ही काउंटरवर बसून जिऑग्राफी शिकवणार का? खलास, सोडा विषय."

आणि हा माणूस कोण? इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या बॅनरवर प्रायोजकाने 'बॉम्बे' छापलं म्हणून याने भर मीटिंगमध्ये थयथयाट केला होता. "आपल्या अस्मितेचा प्रश्न आहे" म्हणून अख्खा बॅनर परत छापून घेतला होता. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, मीसुद्धा. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं! तिच्या व्हिसावर इथल्या सरकारने इंग्रजीत आणि अरबीत, दोन्हींत नीट आयर्लंड लिहिलेलं होतं. चूक आम्हीच करत होतो, आणि ती चूक राहिलेली नव्हती, तो आता धंदा होता.

मी ती दुरुस्ती केली नाही. आज करू, उद्या करू म्हणत राहिले.

ओपन हाउसच्या दिवशी एका वडिलांनी तिला विचारलं, यूकेत कुठल्या? ती सरळ म्हणाली, "मी यूकेची नाही. मी आयर्लंडची. ब्रोशर चुकीचं आहे." झालं! संध्याकाळपर्यंत पालकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पेटला. हम यूके टीचर के लिए फी दे रहे हैं. शाळेने फसवलं. ही बाई पुस्तकातलं दोन्ही बेटांचं 'ब्रिटिश आइल्स' हे नाव खोडून मुलांना 'ब्रिटन अँड आयर्लंड' लिहायला लावते, परीक्षेत मार्क गेले तर जबाबदार कोण? तिने एक वाक्य खरं बोलल्याबरोबर तिचं शिकवणंही एकाएकी वाईट झालं.

मी घरी हे वाचत असताना मुलगी खांद्यावरून डोकावून म्हणाली, "मिस इज नॉट लाइंग, आई. द स्कूल इज." मी तिला अभ्यासाला पिटाळलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं. तोवर त्यांची गोष्ट तयार होती. शाळेने कुणाला फसवलेलं नाही, बाईंनीच भरतीच्या वेळी यूके सांगितलं असणार. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "मॅडम, रेकॉर्डला काय आहे?"

रेकॉर्ड माझ्या कपाटात होतं. तिच्या हस्ताक्षरातला फॉर्म, राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात आयर्लंड, सोबत पासपोर्टची प्रत. ती चिडून आली होती त्या दिवशीच मी ते काढून पाहिलं होतं. मला फक्त तेवढं बोलायचं होतं. ती माझ्याकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती, कारण मी खरं काय ते सांगेन याची तिला खात्री होती.

माझा व्हिसा शाळेचा, नोकरी गेली की तोही गेला. मुलीची अर्धी फी शाळेने माफ केलेली. हे सगळं त्या दोन क्षणांत माझ्या डोक्यात येऊन गेलं, खोटं कशाला बोलू?

मी म्हटलं, "चेक करावं लागेल, सर."

इथल्या ऑफिसांत हे वाक्य सगळ्यांना येतं. त्यात नाही म्हटलेलं नसतं, हो म्हटलेलं नसतं, आणि बोलणाऱ्याचे हात स्वच्छ राहतात. सर म्हणाले, "ठीक आहे, चेक करून सांगा." त्यांनी परत कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आम्हा दोघांना एकमेकांचं बरोबर कळलं होतं. पालकांना मेल गेली की संबंधित शिक्षिकेकडून चुकीची माहिती देण्यात आली होती. तिचा करार पुढे वाढवला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोरांपैकी एक मी. ती थालीपीठ मागायला परत आली नाही.

लोक मला म्हणतात, तू काय करणार होतीस, नोकरीचा प्रश्न. नका म्हणू तसं. नोकरीचा प्रश्न तिलाही होता, तरी ती एका वाक्यात खरं बोलली. मला इतकी वर्षं वाटायचं की नावासाठी भांडणं हे रिकामटेकड्यांचं काम आहे. रिकामटेकडे ते नसतात. ज्यांच्याकडे छापायची सोय असते, ते समोरच्याला हवं ते नाव लावतात. ज्याला ते लावलं जातं त्याने तोंड उघडलं की तो भांडखोर ठरतो.

जूनमध्ये, शेवटच्या दिवशी, ती अनुभवाचा दाखला न्यायला आली. तो टाइप करणं माझ्याच वाट्याला आलेलं होतं. वर तिचं नाव, खाली पासपोर्टचा नंबर, त्याखाली राष्ट्रीयत्व. मी तिथे आयर्लंड लिहिलं, दोनदा तपासलं. सरांनी न वाचता सही ठोकली. काहीतरी भरपाई केल्यासारखं मला वाटत होतं, इतकी मी मूर्ख. मी कागद दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.

तिने तो उभ्याउभ्याच वाचला. त्या ओळीवर थांबली.

"म्हणजे तुला लिहिता येत होतं," ती म्हणाली, आणि कागदाची घडी करून निघून गेली.