मामूंचं अमेरिकी गाणं

जगातल्या कुठल्याही गोष्टीचा उगम माझ्या बायकोच्या मामूंना विचारावा. उत्तर हमखास मिळतं. ते खरं असेलच असं नाही. आखातातल्या मनाम्यात जहाजांना भाजीपाला पुरवणाऱ्या कंपनीत ते कारकून होते, आणि बटाट्यापासून बर्फापर्यंत सगळ्याचं मूळ फिरवून फिरवून रत्नागिरी जिल्ह्यात नेऊन सोडत. नव्वदच्या दशकात अमेरिकी आरमाराची जहाजं बंदरात सारखी यायची. त्यातल्या एका आचाऱ्याकडून मामू त्यांचं एक जुनं देशभक्तीचं गाणं शिकून आले. तट्टावर बसून गावात आलेला कुणी इसम टोपीत पीस खोचतो आणि त्याला मॅकरोनी म्हणतो, असं काहीतरी. "पिसाला मॅकरोनी?" मी विचारलं. "खाऊनपिऊन सुखी माणसं ती. त्यांना सगळीकडे जेवणच दिसायचं," मामू म्हणाले. मग आठवडाभर शहरातल्या झिंज भागातल्या त्यांच्या घरी जो येईल त्याला मामींच्या हातची मॅकरोनी आणि मामूंचं व्याख्यान, दोन्ही संपवूनच उठावं लागे.

पुढच्या खेपेला त्या आचाऱ्याने खुलासा केला. मॅकरोनी म्हणजे त्या काळातले लंडनचे नटवे छेलछबिले. गाणं मुळात चेष्टेचं. इंग्रज शिपाई गावंढळ अमेरिकनांना चिडवायला म्हणायचे. अमेरिकनांनी लढाई जिंकली आणि तेच गाणं छाती काढून स्वतःच गायला लागले. मामू खूश! "चेष्टाच उचलून टोपीत खोवली बघ! त्यांच्यात कुणीतरी कोकणी असणार, लिहून ठेव."

त्या ईदला आमच्या तिथल्या कोकणी मंडळींचा दुपारचा मेळावा होता. मामूंना यायला उशीर झाला, तेवढ्यात तरुणांच्या टोळक्याने माईकवर सुरू केलं:

"छातीला भिडली मामूंची पॅन्ट,
चालले बघा कोकणचे एजंट!"

हॉल खदखदत असतानाच मामू-मामी दारात उभे. गाणाऱ्यांनी माईक खाली केला. बायकोने माझा दंड घट्ट धरला. मामूंनी पॅन्ट आणखी बोटभर वर ओढली, सरळ स्टेजवर गेले, "चाल चुकताय, मेल्यांनो," म्हणत माईक घेतला आणि तेच गाणं खड्या आवाजात गायले. शेवटी तर नाचले. "यल्ला मामू, वन्स मोर!" टाळ्या थांबेनात.

परतताना मामू-मामी आमच्याच टॅक्सीत होते. मी म्हटलं, "कमाल केलीत. अगदी अमेरिकन!"

"ते लोक लढाई जिंकून मग गायले रे," मामू हळूच म्हणाले. "मी आपला आधीच गायलो."

टॅक्सी बरीच पुढे गेल्यावर मामी खिडकीबाहेर बघतच म्हणाल्या, "आवाज मात्र छान लागला होता हं आज."