विस्तवाला न शिवलेलं

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, लाँड्रीत इस्त्री करतात. दिवसभर वाफेत उभे असतात, बोटांची कातडी भाजून भाजून जाड झालीय, आणि पोटात मात्र विस्तवाला शिवलेला एक कण जात नाही. भात नाही, पाव नाही, चहासुद्धा नाही. लाँड्रीत सगळे त्यांना कच्चेराव म्हणतात, तोंडावर म्हणतात, आणि ते हसतात. मी तिथेच काउंटरला असते. कपड्यांना चिठ्ठ्या टाचते आणि गिऱ्हाइकांशी भांडते. भांडण्याचा पगार मिळत नाही, ते मी हौसेनं करते.

भाऊजी मुळात भित्रा माणूस. गॅसला भितात, विजेच्या बटणाला भितात, लिफ्टला भितात. रस्ता ओलांडताना ताईचा हात धरतात आणि सांगतात, तिला भीती वाटते म्हणून धरलाय. त्यांचे वडील पोटाच्या दुखण्यानं गेले, मग थोरला भाऊही त्याच दुखण्यानं गेला. तेव्हापासून त्यांची पाचावर धारण बसली. आता नंबर आपला, हे त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं. कुणीतरी सांगितलं, शिजवलेलं सोडा, पोट आतून धुतल्यासारखं होईल. धुतल्यासारखं म्हटल्यावर लाँड्रीतला माणूस भुलला. खोटं कशाला बोलू, त्यांना गुण आला. छातीतली जळजळ गेली, झोप लागायला लागली. निदान भीती तरी कमी झाली.

एकट्यानं खाल्लं असतं तर कुणाचं काय जात होतं? पण भाऊजींचा जीव मोठा. ज्यानं आपण वाचलो ते दुसऱ्याला दिल्याशिवाय त्यांना घास उतरत नाही. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी उठून किसणं, वाटणं, भिजवणं, आणि दुपारच्या सुट्टीत लाँड्रीच्या मागच्या खोलीत डबे उघडून बसणं. जवस भिजवून गच्चीवर वाळवलेल्या चकत्या. काकडीच्या लांबलचक शेवया. काजू वाटून आंबवलेलं काहीतरी, त्याला ते चीज म्हणत. आणि कडू पाल्याचा हिरवा रस. चव सांगू? ओल्या गोणपाटाची. सुरुवातीला तो रस पिताना भाऊजींचंच तोंड वाकडं व्हायचं. मग हळूहळू व्हायचं थांबलं. "आता मला कडू लागतच नाही," असं ते अभिमानानं सांगायचे. शरीर शुद्ध झाल्याची ती खूण होती म्हणे.

बाकीच्यांना चांगलंच कडू लागायचं, पण बोलणार कोण? इतक्या प्रेमानं पुढे केलेल्या वाटीला नावं ठेवायची कुणाची छाती होईना. आमचा धुलाईवाला दादा नाक दाबून एका घोटात पेला रिकामा करायचा आणि म्हणायचा, "वा!" मालकीणबाई "नंतर घेते" म्हणून पेला बाजूला ठेवायच्या, आणि त्यांच्या खिडकीतल्या कुंडीला पाणी कधी घालावं लागायचं नाही. खरं बोलणारी मीच एक. चकत्यांना मी पुठ्ठा म्हणायचे, बिटाच्या कापांना चांभाराकडचे चामड्याचे तुकडे आणि रसाला सरळ विष. भाऊजी खदखदून हसायचे. "तुझी जीभ तेलातुपानं बिघडलीय," म्हणायचे. मी इतक्यांदा विष म्हटलं होतं, की माझं लांडगा आला रे आला झालं होतं.

आणि ताई? ताई घरी तेच खायची जे भाऊजी खायचे, आणि रोज म्हणायची, "छान झालंय." सुट्टीच्या दिवशी माझ्याकडे यायची. मी गरम भात वाढायचे, ती दोन्ही डोळे मिटून जेवायची, आणि निघताना मूठभर बडीशेप चावायची. लोक दारू पिऊन करतात ते माझी बहीण भात खाऊन करायची. मी म्हणायचे, अगं सांगून टाक ना एकदा. "कसं सांगू गं," ती म्हणायची, "त्यांना वाटतं त्यांच्यामुळे मी धडधाकट आहे."

त्या दिवशी भाऊजींनी पाल्याऐवजी दुधीचा रस आणला. ताईला दोन दिवस आंबट ढेकर येत होते, तिच्यासाठी म्हणून केला होता, उरलेला आमच्यासाठी. आठवड्यातून एक दिवस ते फक्त पाण्यावर राहत, तो नेमका तो दिवस. म्हणजे त्यांनी स्वतः घेतला नव्हता, नुसता बोट बुडवून चाखला होता.

दादानं नेहमीसारखा नाक दाबून अर्धा पेला घशात ओतला. "वा" मात्र जरा उशिरानं आलं. मी एक घोट घेतला आणि तो तसाच मोरीत थुंकला. आजवर मी खूप कडू खाल्लंय, पण हे कडू वेगळं होतं. जिभेवरून जाईना, घशात चिकटून बसलं.

"भाऊजी, हे विष आहे," मी म्हटलं.

"काल गाजराच्या किसाला काय म्हणाली होतीस?" भाऊजी हसत म्हणाले. सगळे हसले. मीही हसले असेन. मग इस्त्र्या तापल्या आणि सगळे कामाला लागलो.

थोड्या वेळानं मागून भांडी पडल्यासारखा आवाज आला. दादा मशीनला धरून ओणवा झाला होता. उलटी थांबत नव्हती. एवढा दांडगा माणूस, ओल्या चादरींचा पिळा एकट्यानं उचलणारा, तो घामानं थबथबला होता आणि त्याचे ओठ पांढरे पडले होते. मालकीणबाई म्हणाल्या, उकाड्यानं असेल. माझ्या जिभेवर ते कडू अजून होतं. मी भाऊजींकडे वळले.

"ताईनं प्यायलाय हा?"

"मोठा ग्लास," भाऊजी म्हणाले. "छान झालाय म्हणाली, म्हणून मी परत भरून ठेवून आलो."

मी ताईला फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. ताई फोन उचलत नाही असं कधी होत नाही, ती तर चुकून लागलेल्या माणसाचीही चौकशी करते. तिसऱ्यांदा भाऊजींनी माझ्या हातातून फोन घेऊन लावला, तोही कुणी उचलला नाही.

मालकीणबाईंनी पोचवणीच्या कपड्यांची व्हॅन काढली. दादाला पुढे बसवलं, बादली त्याच्या मांडीवर. आम्ही दोघं मागे, हँगरला लटकवलेल्या लोकांच्या कोटांमध्ये. वळणावळणाला ते कोट आमच्या तोंडावर येत होते. भाऊजी एकच वाक्य म्हणत होते, "तिनं दुसरा घेतला नसेल." मी मनात म्हणत होते, घेतला असेल. त्यांनी भरून ठेवलाय म्हटल्यावर ती नाही कशी म्हणेल? मला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती. सिग्नलला व्हॅन थांबली की खाली उतरून पळत सुटावं असं वाटत होतं.

दार भाऊजींच्या किल्लीनं उघडलं. ओट्यावर दोन ग्लास होते, दोन्ही रिकामे, ताईच्या सवयीप्रमाणे विसळून उपडे घातलेले. ताई न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पडली होती. डोळे उघडे होते. मला बघून तिनं पदर नीट करायचा प्रयत्न केला, आणि तो तिला जमला नाही. खाली फरशीवर उलटीत लाल दिसत होतं. भाऊजी दारातच उभे. मी ओरडले, "धरा ना, पाय धरा!" तेव्हा ते हलले. आम्ही तिला व्हॅनमध्ये कुणाच्या तरी कडक इस्त्रीच्या चादरींवर निजवलं.

इस्पितळातली डॉक्टरीण तरुण होती. काय खाल्लं विचारलं, तर भाऊजींनी खांद्यावरच्या पिशवीतून उरलेल्या रसाची बाटली काढून दिली. तिनं झाकणातला थेंब जिभेच्या टोकाला लावला, लगेच थुंकला, आणि तिचा चेहरा बदलला.

"दुधी एखादा असा निघतो," ती म्हणाली. "कडू निघाला की फेकून द्यायचा असतो. चाखला नव्हता का?"

"चाखला होता," भाऊजी म्हणाले. "मला कडू नाही लागला."

तिनं त्यांच्याकडे असं पाहिलं की मलाच त्यांची दया आली. मग ती ताईवर वाकली. "आणि तुम्हाला? तुम्हाला तर लागला असेल?"

"लागला," ताई पुटपुटली.

"मग प्यालात कशाला?"

ताईनं डोळे मिटून घेतले. "रोजच लागतो," ती म्हणाली.

भाऊजी माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी ते ऐकलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, पाहण्याची माझी हिंमत नव्हती.

ह्याच्यावर उतारा नसतो, डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन सांगितलं. सलाईन लावायचं, रक्तदाब वर येतो का बघायचं, आतून रक्त जायचं थांबतं का बघायचं. "वय फार नाही त्यांचं," एवढं एक चांगलं वाक्य त्या बोलल्या. दादाचं पोट संध्याकाळपर्यंत शांत झालं. तो बाकावर बसून मालकीणबाईंच्या हातचा चहा पीत होता आणि भाऊजींना म्हणत होता, "तुमचा काही दोष नाही हो." तिथेही त्याला खरं बोलवेना.

मला बोलायचं होतं. कॉरिडॉरमध्ये आम्ही दोघंच उरलो तेव्हा मी बोलले. म्हटलं, "तुमच्या भावाच्या पोटाची भीती तुम्ही माझ्या बहिणीच्या पोटात घातलीत. रोगापेक्षा इलाज भयंकर झाला, भाऊजी. तिला काही झालं तर मी तुमचं तोंड बघणार नाही." आणखी बरंच बोलले. एरवी माझ्या बोलण्यावर हसणारा माणूस मान खाली घालून ऐकत राहिला.

मग भाऊजी म्हणाले, "तुझ्याकडे जेवून यायची ना ती? केसांना भाताचा वास यायचा. मला वाटायचं, हौस म्हणून खाते. उपाशी असते म्हणून खाते, असं कधी मनात आलं नाही." मग म्हणाले, "बाबा गेले, थोरला भाऊ गेला, तेव्हा मी नुसता बघत होतो. आता ही गेली तर मी घालवली."

मला त्यांना थोबाडीत मारायची होती. मारली नाही. त्यांच्याइतकीच मीही घाबरले होते, आणि दोन घाबरलेल्या माणसांनी एकमेकांना सोडून जायचं तरी कुठे? काचेपलीकडे यंत्रावरचा आकडा खाली जायचा तेव्हा आम्ही दोघं एकदम उठायचो. वर आला की बसायचो. रात्रभर आणि पुढचा सगळा दिवस आमची ती उठबस चालली. मध्ये एकदा नर्स धावत आत गेली, तेव्हा भाऊजींनी माझा हात धरला, रस्ता ओलांडताना धरतात तसा. मला भीती वाटते म्हणून धरलाय, असं मात्र ते म्हणाले नाहीत.

त्यानंतरच्या सकाळी रक्त थांबलं. आकडा वर आला आणि वरच राहिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घोट घोट पेज द्या, तांदळाची, पातळ. माझ्या जिवात जीव आला. मी आणते म्हणून उठले, तर भाऊजी म्हणाले, "मी आणतो."

त्यांच्या खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंनी मला नंतर सांगितलं. भाऊजी त्यांच्याकडे तांदूळ मागायला आले, कारण घरात तांदूळ नव्हते. काडी मागायला आले, कारण काडीही नव्हती. बाई सोबत वर गेल्या. म्हणाल्या, काडी हातभर लांब धरून, तोंड दुसरीकडे वळवून त्यांनी गॅस पेटवला. भडका झाला तेव्हा भिंतीला जाऊन टेकले. बाई म्हणाल्या मी ढवळते, तर त्यांना ढवळू देईनात. जवळ जायचंही धाडस होईना, दुरूनच बघत राहिले, आणि पेज बुडाला लागली.

डबा उघडला तशी ती करपल्याची घाण वॉर्डभर पसरली. पलीकडच्या खाटेवरच्या आजीनं नाकाला पदर लावला. भाऊजींनी ताईची मान हातानं उचलली, चमचा तोंडाशी नेला. ताईनं घोट घेतला. गिळताना तिचा घसा दुखत असणार, कपाळाला आठी पडली. ती आठी तिनं घाईघाईनं पुसली आणि भाऊजींकडे बघून हसली.

"छान झालीय," ताई म्हणाली.

भाऊजींच्या हातातला चमचा वाडग्यावर वाजायला लागला. त्यांचा चेहरा इतका उतरला, की मला वाटलं आता हेच पडतात. लिफ्ट, वीज, गॅस, मरण, सगळ्याला भिताना मी त्यांना पाहिलंय. पण त्या दोन शब्दांना ते जितके घाबरले तितके कशालाच घाबरलेले मी पाहिले नाहीत.

"असं नको म्हणूस," ते म्हणाले. "हात जोडतो तुला. असं नको म्हणूस गं."

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं, बोलू का, असं विचारल्यासारखं. तीही घाबरली होती. इतक्या वर्षांत तिनं त्यांना एकदाही दुखावलं नव्हतं. मी मान हलवली.

"करपलीय," ताई म्हणाली. आवाज जेमतेम निघाला. "मीठ पण नाहीये."

भाऊजींनी वाडगा खाली ठेवला, डोळे पुसले, आणि स्टूल खाटेच्या आणखी जवळ ओढलं.

"अजून सांग," ते म्हणाले.