मामाचा सूट आणि दारामागची बॅग

दुबईतल्या अल कुसैसच्या आमच्या फ्लॅटमध्ये दोन माणसं एकाच वेळी वळू शकत नसत. आधी एकाने वळायचं, मग दुसऱ्याने. एक बेडरूम, एक हॉल, आणि त्यात आई, बाबा, मी, वर्षाचे मसाले आणि आईने ‘कधीतरी लागतील’ म्हणून जपलेले रिकामे खोके. त्यात एक पंख्याचाही होता. (पंखा आम्ही कधी घेतलाच नव्हता. खोका चांगला होता म्हणून आणला होता!)

त्यात व्हिजिट व्हिसावर सुरेशमामा आला. चिंचवडला तो ज्या कारखान्यात स्टोअरकीपर होता तो बंद पडला होता. मामी आणि मुलं तिकडे डोळे लावून बसली होती, आणि इथे व्हिसा संपत आला तरी नोकरीचा पत्ता नव्हता. शेवटी बाबांच्या ओळखीने अल ऐनच्या एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत शनिवारी सकाळचा इंटरव्ह्यू ठरला. तो हुकला तर मामाने परतीचं विमान पकडायचं, दुसरा मार्ग नव्हता.

मामा हॉलमध्ये जमिनीवर झोपायचा आणि त्याचा एकुलता एक सूट पडद्याच्या दांडीला लटकायचा.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि संतापलेली होते. कशावर, ते रोज बदलायचं. बाबा एकेकाळी कामगार संघटनेत होते. त्यांनी मला अक्षरओळख करून दिली ती संपाच्या पत्रकांवरून. बेरोजगार कामगाराचा सूट दांडीला लटकावा आणि पंख्याच्या खोक्याने मात्र कपाट अडवावं, हा मला उघडउघड अन्याय वाटला. मी फ्रिजवर जाहीरनामा चिकटवला: ‘घरातल्या प्रत्येकाला हक्काची जागा मिळालीच पाहिजे! कोणतीही जागा रिकामी राहता कामा नये!’

“फ्रिजवर चिकटवू नकोस गं,” आई म्हणाली. “डाग राहतो.”

मी खचले नाही. पहिली कारवाई म्हणून मामाला आणि बाबांना कामाला लावून पलंग सिमेंटच्या ब्लॉकांवर चढवला. खाली मामाच्या सामानापुरती ऐसपैस जागा झाली. पण पलंग वर गेला तो नेमका खिडकीतल्या एसीच्या तोंडाशी! बाबा मफलर बांधून झोपू लागले. दुबईत! जुलैत!

आणि पलंगाखालची ऐसपैस जागा? ती आईने तासाभरात खोक्यांनी भरून टाकली.

“आई, ती मामाच्या हक्काची जागा होती!”

“तूच लिहिलंयस ना, रिकामी राहता कामा नये?”

मग मी ठरवलं, आता कुणाला विचारायचं नाही. शुक्रवारी सकाळी तिघं भाजी आणायला गेले आणि माझी नजर दारामागच्या निळ्या बॅगेवर गेली.

आखातातल्या प्रत्येक मराठी घरात अशी एक बॅग असायची. तिच्यात वर्षभर साबण, अत्तरं, दूध पावडर असं साठत जायचं. कुणी भारतात निघालं की “तुमच्याकडे थोडं वजन शिल्लक आहे का हो?” असं विचारून ती त्याच्याबरोबर पाठवायची. आमची बॅग मामीसाठी होती. दोरीने करकचून बांधलेली, वर मार्करने चिंचवडचा पत्ता. वरच्या मजल्यावरचे करंदीकरकाका ती पुढच्या आठवड्यात नेणार होते.

म्हणजे आठवडाभर एवढी मोठी जागा साबण बळकावून बसणार, आणि माणूस दांडीला लटकणार! (सूट लटकणार. पण तत्त्व तेच.)

मी बॅग उघडली. साबण जुन्या कुकरमध्ये. अत्तरं बाबांच्या बुटात. दूध पावडरची पाकिटं वॉशिंग मशीनमध्ये. मग मामाचा सूट, शर्ट, टाय, बूट, दाढीचं सामान सगळं नीट घडी घालून बॅगेत ठेवलं आणि दोरी पुन्हा होती तशी, अगदी त्याच गाठी मारून बांधली. मामाचं स्वतःचं कपाट! तेही चाकांवर! रात्री जेवताना जाहीर करून सगळ्यांना थक्क करायचं ठरवलं आणि मी मैत्रिणीकडे गेले. तिच्या आईला मोकळ्या जागेचं राजकारण समजावण्यात मला रात्र झाली.

तेवढ्यात इकडे करंदीकरकाकांचं तिकीट बदललं होतं. त्यांनी खालून हॉर्न वाजवला. “वहिनी, बॅग द्या! यल्ला, फ्लाइट गाठायचीय!” आईने बॅग दिली. बाबांनी ती खाली नेऊन गाडीत चढवली. मामाने तर हात हलवून टाटासुद्धा केला!

मी परतले तेव्हा मामा आणि बाबा लवकर उठायचं म्हणून झोपले होते. दारामागे बॅग नाही, हे माझ्या लक्षातच आलं नाही. कारण तिथे आईने लगेच तांदळाचं पोतं उभं केलं होतं. माझा जाहीरनामा घरात रुजला होता!

शनिवारी उजाडता उजाडता फोन वाजला. आईने उचलला. पलीकडून मामी इतक्या जोरात रडत होती की मला बेडरूममध्ये ऐकू आलं.

“ताई, खरं सांगा! हे कुठे आहेत?”

“कोण हे?”

“बॅगेत यांचे सगळे कपडे आलेत हो! बूट आलेत! दाढीचा ब्रश आलाय! आणि माणूसच नाही!”

“अगं रडतेस काय! तो इथे आंघोळ करतोय!”

मामीचं रडणं थांबलं. “मग आंघोळ झाल्यावर घालणार काय?”

एवढ्यात बाथरूमचं दार उघडलं आणि मामा टॉवेल गुंडाळून बाहेर आला.

“ताई, माझा सूट तू इस्त्रीला घेतलायस ना?”

“तुझा सूट,” आई रिसीव्हर छातीशी धरून म्हणाली, “चिंचवडला पोचला.”

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. मी जागेच्या न्याय्य वाटपावर बोलायला सुरुवात केली.

“मुक्ता,” बाबा म्हणाले. “खलास!”

दुकानं उघडायला अवकाश होता आणि अल ऐन लांब. आता मामाला बाबांचा सूट घालण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मामा काडीसारखा, आणि बाबांच्या एका पँटमध्ये मामा सहकुटुंब मावला असता! बाबांचा पांढरा शर्ट आईने रात्री मशीनमध्ये टाकला होता. न बघता. दूध पावडरीसकट! तो कडक होऊन निघाला आणि त्याला पेढ्यांचा वास येत होता. बाबांच्या बुटांतून अत्तरं काढली, पण मामाचा पाय आत नुसता फिरायला लागला. तेव्हा बाबांनी मी कॉलेजात वाटायला आणलेल्या पत्रकांचा गठ्ठा उचलला आणि एकेक बोळा करून बुटात कोंबला.

“बाबा! ती शोषणाविरुद्धची आहेत!”

“आज कामगाराच्या उपयोगी पडू देत.”

मामा टाच घासत, पँट धरून गाडीत बसला.

दुपारी दोघं परतले. आई दारातच उभी होती. “काय झालं रे?”

मामा धपकन खाली बसला. इंटरव्ह्यू घेणाऱ्या मल्याळी साहेबाने म्हणे त्याला डोक्यापासून बुटापर्यंत न्याहाळलं.

“ये सूट किसका है?”

“जीजाजी का, सर.”

“तुम्हारा किधर है?”

“इंडिया चला गया, सर.”

“तुमसे पहले?”

मग मामाने सगळं सांगितलं. साहेब टेबलावर डोकं ठेवून हसला. त्याच्याही दारामागे तशीच बॅग होती, कोट्टायमला जायची! डोळे पुसत त्याने विचारलं, “स्टोअर मिला तो पहला काम क्या करेगा?”

“सर, जो चीज जिधर है उधरही रखूंगा. और घरवालों को अंदर नहीं आने दूंगा.”

साहेबाने हात पुढे केला.

मामाचा व्हिसा झाला, तो अल ऐनला राहायला गेला, आणि काही महिन्यांनी एका शुक्रवारी आम्ही त्याचं गोदाम बघायला गेलो. दारातून आत नजर टाकताच माझा जीव तळमळला. वरचा अख्खा रॅक रिकामा!

“अरे मामा, ही एवढी जागा...”

मामाने शांतपणे भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. ‘परवानगीशिवाय सामान हलवू नये’ अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत, अरबीत, हिंदीत आणि मल्याळममध्ये रंगवलेलं होतं. त्याखाली लाल रंगात, सगळ्यांत ठळक, मराठीत एक ओळ होती: ‘तू तर मुळीच नाही!’

त्या गोदामात मराठी वाचणारं दुसरं कुणीही कामाला नव्हतं.