पाचव्या दिवसाचा फोन

शैला गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या आमच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकासमोर बसले होते. कुणाच्या तरी बीजांडात सुई घालायची होती. सहकाऱ्याला जागा दिली, बाहेर पायरीवर येऊन बसले...

लातूरच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहायचो. भूकंपात तिचं सगळं घर गेलं होतं. आठ वर्षांची शैला तेवढी भोकरला मामाकडे होती म्हणून वाचली. पुढं लातुरात क्लासेसचं पेव फुटलं आणि ती जीवशास्त्राची नावाजलेली मॅडम झाली. "मामा सोडले तर माझ्या रक्ताचं आता कुणीच न्हाई गं," असं एकदाच म्हणाली होती, तेही हसत.

एकतिसाव्या वर्षी, लग्नाआधीच, तिच्या छातीत कर्करोगाची गाठ निघाली. केमोनं बीजांडं निकामी होऊ शकतात, म्हणून ती सुरू व्हायच्या आधी शैला थेट माझ्याकडे आली. "माझी बीजं ठेवून घे." नऊ मिळाली, मीच ती गोठवली. तिला खरं तेच सांगितलं. वितळवताना सगळी टिकत नाहीत. टिकलेल्यांचं कवच कडक होतं, म्हणून शुक्राणू सुईनं आत सोडावा लागतो. फळलं तरी गर्भ पाच दिवस वाढेलच असं नाही. तुझं वय कमी आहे, एवढाच आधार.

"हाव, ठाऊक हाय," ती म्हणाली. 

उपचार संपले, क्लासमध्येच शिकवणाऱ्या दिगंबररावांशी लग्न झालं. सहा वर्षांनी, डॉक्टरांनी होकार दिल्यावर, मी ती नऊ बीजांडं वितळवली. दोन तिथंच गेली. सातांत शुक्राणू सोडले, दुसऱ्या सकाळी पाच फळलेली दिसली. तिसऱ्या दिवशी दोन गर्भांची वाढ थांबली. रोज नऊला तिचा फोन यायचा. "सांग." एवढंच. चौथ्या दिवशी गर्भांना धक्का नको म्हणून मी त्यांची उबेची पेटी उघडली नाही, तर तिनं तीनदा विचारलं, "उघडली न्हाईस म्हंजे काही वाईट हाय का?" पाचव्या दिवशी मीच फोन केला. 

"एक आहे, शैला."

"एक... लई झालं."

त्या एकातून आर्या झाली. ती तीन वर्षांची होते न होते तोच आजार यकृतात उलटला. गरोदरपणानं तर तो चाळवला नसेल? तज्ज्ञ म्हणाले, तसा पुरावा नाही. मला मात्र झोप येईना. शैलाला विचारायचं धाडस शेवटपर्यंत झालं नाही.

ती गेल्यावर तीन आठवड्यांनी मी लातूरला गेले आणि दिगंबररावांसमोर मन मोकळं केलं. ते म्हणाले,

"ताई, तुम्ही हे विचारणार, हे तिला ठाऊक होतं. म्हणाली, तिला सांगा, मला बी भेव वाटत होतं, पण ठरवलं मीच."

तेवढ्यात आर्या कंगवा घेऊन आली आणि त्यांच्या पुढ्यात पाठ करून बसली. शेवटच्या दोन महिन्यांत शैलानं पलंगावर पडल्या-पडल्या त्यांना रोज वेणी घालायला शिकवलं होतं. सैल झाली की सोडून पुन्हा घालायला लावायची. दिगंबररावांनी तीन पेड पाडले, खाली मान घालून विणू लागले. अर्ध्यात आले, थांबले, वेणी चाचपली... आणि कुणी न सांगता सगळी सोडून पहिल्यापासून घालू लागले.