मांडवगडावरची हाक

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे मी धारहून मांडवगडापर्यंत आई आणि बायकोला वाटभर ऐकवत होतो. (दरबारात कारकुनी केली की माणसाचा कशावरच विश्वास राहत नाही!) लग्न नवं होतं, छाप पाडायची होती.

गडावर नाथू नावाचा वाटाड्या घेतला. श्रावणातलं धुकं इतकं दाट, की समोर दिसणारा महाल डोळ्यांदेखत नाहीसा व्हायचा. नाथूमागे मी, माझ्यामागे आई आणि रिवाजाप्रमाणे सगळ्यांत शेवटी सूनबाई.

"भिया," नाथू दबक्या आवाजात म्हणाला, "यहाँ एक रानी भटकती हे. धुंध में हेला मारती हे. जवाब मत देना. पलट के तो देखना ही मत."

"काहीतरीच," मी म्हणालो. मान मात्र सरळ ठेवली.

तेवढ्यात पडक्या कमानींतून बाईचा आवाज आला. "अहो..." भिंतींनी तो चहूकडून परत केला. "हो... हो..."

आई कुजबुजली, "वामन, ही राणी मराठी कशी बोलते रे?"

"मराठ्यांचं राज्य आहे. शिकली असेल," म्हणत मी पाय उचलला.

"अहो, थांबा ना..." आता आवाज समोरून आला. नाथू भलतीकडेच वळला, आम्हीही वळलो. मी हळूच रामनाम सुरू केलं.

मग स्पष्ट हाक आली, "वामनराव!" आणि सगळे महाल मिळून पुकारू लागले, "मनराव... राव..." भुताला माझं नाव ठाऊक होतं! धोतराचा सोगा धरून मी जो पळालो तो थेट गडाच्या दरवाज्यापर्यंत. नाथू माझ्याही आधी पोचला होता.

मागून धापा टाकत आई आली. "अरे, सूनबाई कुठाय?"

त्या रानात तेव्हा वाघ होते. भुताची भीती विसरून मी उलटा धावलो. हाक तरी काय मारणार? मीही "अगं, अगं" असंच ओरडत होतो.

ती एका पडक्या पायरीवर पाय धरून बसली होती. डोळे भरलेले.

"काटा रुतला. किती अहो-अहो केलं. शेवटी लाज सोडून नाव घेतलं."

सुनेचा चढा आवाज आमच्या घरात कुणी ऐकलाच नव्हता, तो ओळखणार कोण?

मागोमाग आलेली आई कडाडली, "नवऱ्याचं नाव? सगळ्या गडाला ऐकू गेलं!"

"पुन्हा नाही घेणार," ती म्हणाली.

तिने शब्द पाळला. उखाणे सोडले तर उभ्या संसारात तिने मला नावाने एकदाच हाक मारली. इतकी जिवाच्या आकांताने, की मी पळून गेलो!